पत्र सगळ्यात शेवटी: लुटलेली कलावस्तू परत कशी मागायची

मी वकील नाही. वकिलांसाठी कागद शोधून देते. कुठलं चित्र कोणाच्या भिंतीवर होतं, कुठली मूर्ती कुठल्या गाभाऱ्यातून उचलली गेली, मधल्या वर्षांत ती कोणाकोणाच्या हातून फिरली, एवढं शोधायचं, दाव्याची फाइल बांधून द्यायची आणि बाजूला व्हायचं. वस्तू परत देण्याच्या समारंभातल्या फोटोत मी कधी नसते. पण दावा कुठे अडकणार हे बहुतेक वेळा मला फाइल बांधतानाच कळलेलं असतं.

माझ्याकडे येणारी माणसं जवळपास सगळी एकाच अवस्थेत येतात. आजोबांचं चित्र एखाद्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये दिसलेलं असतं, किंवा देवळातली मूर्ती परक्या देशातल्या संग्रहालयाच्या वेबसाइटवर. दोन रात्री झोप नाही. आणि मोबाइलमध्ये एक पत्र लिहून तयार: आमची वस्तू ताबडतोब परत करा, अन्यथा कायदेशीर कारवाई करू.

ते पत्र पाठवू नका. निदान आज तरी नको.

हे मी फार महागात शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका कुटुंबाचं युद्धकाळात गेलेलं छोटं तैलचित्र न्यूयॉर्कमधल्या एका खासगी संग्राहकाकडे असल्याचं मला सापडलं. वकील रजेवर होते. मी उत्साहाच्या भरात पत्राचा मसुदा करून दिला आणि कुटुंबाने तो त्याच संध्याकाळी धाडला. अकराव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: चित्र आमच्या मालकीचं आहे, परत देण्याचा प्रश्न येत नाही. आम्हाला वाटलं, चला, उत्तर तरी दिलं. वकील परतले, त्यांनी ते उत्तर वाचलं आणि एवढंच विचारलं, "याच्यावर तारीख काय आहे?"

न्यूयॉर्कचा नियम असा आहे की, चोरीची वस्तू ज्याने चोरीची असल्याचं माहीत नसताना विकत घेतली, त्याच्याविरुद्ध दाव्याची मुदत चोरीच्या दिवसापासून मोजत नाहीत. मूळ मालक वस्तू मागतो आणि ताबेदार नकार देतो, त्या नकारापासून तीन वर्षं. म्हणजे ते घड्याळ आमच्याच पत्राने सुरू झालं होतं, आणि अर्धे कागद अजून दुसऱ्या देशातल्या अभिलेखागारात पडलेले. दावा आम्ही मुदतीत लावला खरा, पण ज्या दोन कागदांसाठी थांबायला हवं होतं त्यातला एक दाव्यानंतर हाती आला आणि त्याने आमच्याच अर्जातली एक तारीख खोडून काढली. पुढची तडजोड कोणाच्या अटींवर झाली असेल ते सांगायला नको.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. ज्याच्याकडे वस्तू आहे त्याला सगळ्यात शेवटी सांगायचं, आणि बाकी सगळ्यांना सगळ्यात आधी.

आधी वस्तू कुठे आहे ते पाहा, आणि कुठे कुठे जाऊन आली तेही

लोक विचारतात, "कायदा काय म्हणतो?" मी उलट विचारते, "कुठला?" चोरीच्या मालाची विक्री झाली तर मालकी कोणाची, याचं उत्तर देशागणिक बदलतं. इंग्लंड-अमेरिकेत मूळ तत्त्व सोपं आहे: चोराकडे मालकी नव्हतीच, तर तो ती दुसऱ्याला देणार कुठून? इटलीत मात्र ज्याने सद्हेतूने, म्हणजे चोरीची आहे हे माहीत नसताना, विकत घेऊन ताबा घेतला, तो तिथल्या तिथे मालक होऊ शकतो. स्पेनमध्ये ठरावीक वर्षं उघडपणे ताबा ठेवला की वहिवाटीने मालकी येते.

याचा परिणाम किती विचित्र होतो ते १९८०च्या इंग्लंडमधल्या विंकवर्थ खटल्यात दिसतं. इंग्लंडमधल्या एका घरातून जपानी कलावस्तू चोरीला गेल्या. चोरांनी त्या इटलीत नेल्या, तिथे एकाने त्या सद्हेतूने विकत घेतल्या आणि पुढे विकायला थेट लंडनच्या लिलावात पाठवल्या. मूळ मालक इंग्रज, चोरी इंग्लंडमधली, वस्तू परत इंग्लंडमध्ये. तरी कोर्ट म्हणालं, विक्री जिथे झाली तिथला कायदा लागू, म्हणजे इटलीचा. मालकाची बाजू तिथेच ढासळली.

म्हणून पहिल्या दिवशी मी एका कागदावर आडवी रेघ ओढते. तिच्यावर वस्तूचा प्रवास मांडते: चोरी कुठे, पहिली विक्री कुठे, दुसरी कुठे, आज कुठे. प्रत्येक विक्रीखाली तिथला नियम आणि तिथली मुदत. इंग्लंडमध्ये सद्हेतूने खरेदी झाल्यापासून सहा वर्षांत मालकाचा हक्क संपू शकतो. जर्मनीत तीस वर्षांनंतर ताबेदार मुदतीचा मुद्दा पुढे करू शकतो. स्वित्झर्लंडने सांस्कृतिक वस्तूंसाठी पाच वर्षांची मुदत तीस केली, पण ती २००५ पासून पुढे. आधीच्या व्यवहारांना तिचा उपयोग नाही. नाझी काळातल्या लुटीसाठी अमेरिकेने २०१६ मध्ये वेगळा कायदा केला, त्यात वस्तू आणि तिचा पत्ता प्रत्यक्ष कळल्यापासून सहा वर्षं मिळतात. वकिलाकडे जाताना ही रेघ बरोबर न्या. त्याचा पहिला तास वाचतो, आणि तासाचे पैसे तुम्हीच भरणार असता.

आंतरराष्ट्रीय करारांवर फार भिस्त ठेवू नका. १९७०चा युनेस्को करार दोन सरकारांमधला आहे. तो हातात घेऊन तुम्ही स्वतः कोर्टात उभे राहू शकत नाही. शिवाय त्याच्या आधीच्या लुटीला तो लागू होत नाही. १९९५चा युनिड्रॉ करार जास्त कामाचा आहे, कारण त्यात चोरीची वस्तू परत करायचीच असं सरळ म्हटलंय, आणि खरेदीदाराला भरपाई हवी असेल तर त्याने नीट चौकशी केली होती हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. पण कलाबाजाराचे बहुतेक मोठे देश नेमके त्याच करारातून बाहेर राहिलेत.

वस्तू तीच आहे का?

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि तुम्हीही घालवा. "अगदी तसंच आहे" हा पुरावा होत नाही. चित्रकार एकच विषय पाच-पाच वेळा रंगवतात.

चित्राची पुढची बाजू सगळे बघतात. मला मागची हवी असते. परवानगी मिळायला महिने जातात आणि मग मिळतात चाळीस मिनिटं. कर्मचारी चित्र फोमच्या पट्ट्यांवर पालथं ठेवतो. हात लावायचा नाही. मी टॉर्च जवळजवळ आडवा धरते, म्हणजे प्रकाश पृष्ठभागावरून सरपटत जातो आणि पुसलेल्या अक्षरांचे चर वर येतात. मग लाकडी चौकटीच्या चारही पट्ट्या डावीकडून उजवीकडे, एकेक वीत. जुनी लेबलं, कस्टमचे शिक्के, खडूचे आकडे, खिळ्यांची रिकामी भोकं. नाझींच्या ज्या पथकाने पॅरिसमधले ज्यू संग्रह लुटले, त्याने वस्तूंवर संग्राहकाच्या नावाचं आद्याक्षर आणि अनुक्रमांक घातले होते; रॉथशिल्ड घराण्याच्या वस्तूंना 'आर' आणि पुढे आकडा. असा एक आकडा दिसला की दहा वर्षांचा कागदी शोध एका मिनिटात संपतो. एकदा मला फक्त लेबलाचा कोपरा सापडला होता, नखाएवढा, त्यावर निळी किनार आणि दीड अक्षर. त्या दुकानाचं दुसऱ्या चित्रावरचं अखंड लेबल शोधून शेजारी ठेवलं तेव्हा किनारीची जाडी जुळली.

माप जुळलं नाही म्हणून हातपाय गाळू नका. जुन्या याद्यांत कधी फ्रेमसकट माप असतं, कधी उंची-रुंदी उलटी लिहिलेली असते, आणि मागून नवं कापड चिकटवताना कडेचा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जातो. उलट माप मिलिमीटरपर्यंत जुळलं तर मला थोडा संशयच येतो.

मूर्तीचं तंत्र वेगळं. मेणाच्या प्रतिकृतीवर मातीचा साचा चढवून ओतलेली पंचधातूची मूर्ती एकदाच घडते, कारण साचा फोडावाच लागतो. त्यामुळे ओतकामातला प्रत्येक दोष तिचा स्वतःचा. प्रभावळीतली कुठली ज्वाला तुटली आहे, पीठाच्या कडेला कुठे खळगा आहे, बोटांमधली जागा केवढी, हे जुन्या फोटोशी ताडून बघायचं. तमिळनाडूतल्या श्रीपुरंथन गावच्या नटराजाचं असंच झालं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तो २००८ मध्ये सुमारे पन्नास लाख डॉलरला घेतला. विक्रेत्याच्या कागदांनुसार मूर्ती भारताच्या १९७२च्या पुरावस्तू कायद्याच्या आधीच देशाबाहेर गेलेली होती. पण पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेच्या फोटोसंग्रहात, त्यानंतर काढलेल्या फोटोत, तीच मूर्ती देवळात उभी होती. २०१४च्या सप्टेंबरमध्ये ती परत आली. विकणारा सुभाष कपूर २०११ मध्ये जर्मनीत पकडला गेला आणि २०२२ मध्ये त्याला कुंभकोणमच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली.

फोटो कधीचा आहे हे फोटोच सांगतो, तेही बघायला शिका. १९९५ मध्ये जिनिव्हाच्या करमुक्त गोदामात एका इटालियन व्यापाऱ्याच्या खोल्यांवर छापा पडला तेव्हा हजारो फोटो मिळाले. त्यात कितीतरी पोलरॉइड होते, मातीने माखलेल्या, तुकडे झालेल्या भांड्यांचे. त्या जातीची फिल्म १९७२ नंतरची. मग 'हे भांडं आमच्या घराण्यात शंभर वर्षं आहे' म्हणणाऱ्याची पंचाईत होते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९७२ मध्ये दहा लाख डॉलरला घेतलेला युफ्रोनिऑसचा ग्रीक रांजण २००८ मध्ये इटलीला परत गेला, त्यामागे या छाप्यातून सुरू झालेल्या तपासाचा मोठा वाटा होता.

तुमच्याकडे एकही फोटो नाही? लग्नाचे अल्बम काढा. माणसांकडे बघू नका, त्यांच्या मागच्या भिंतीकडे बघा. कासिरर कुटुंबाच्या खटल्यात चित्रकार पिसारोचं पॅरिसच्या पावसाळी रस्त्याचं चित्र बर्लिनच्या त्यांच्या बैठकीत भिंतीवर दिसणारा एक जुना फोटो होता.

गेली कशी, त्यावर सगळं अवलंबून

दरोडा पडला, पोलिसांत नोंद झाली, हा सगळ्यात सोपा प्रकार. तो क्वचित वाट्याला येतो.

त्याच कासिरर प्रकरणात लिली कासिरर यांना १९३९ मध्ये जर्मनीतून सुटण्यासाठी ते चित्र ९०० मार्कांना 'विकावं' लागलं. पैसे ज्या खात्यात टाकले ते गोठवलेलं होतं. कागदावर विक्री, प्रत्यक्षात लूट. ही लूट होती हे नंतर कोणी नाकारलं नाही. तरीही खटला २००५ पासून चालू आहे, कारण चित्र आता माद्रिदच्या संग्रहालयात आहे आणि भांडण 'कॅलिफोर्नियाचा कायदा की स्पेनचा' या एका प्रश्नावर. खालच्या कोर्टांनी स्पेनचा कायदा धरून संग्रहालयाला कौल दिला. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये नवा कायदा केला. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा खाली पाठवलं. ज्या नातवाने २००० मध्ये चित्र शोधून काढलं, तो आता हयात नाही. मी म्हणते ना, आधी रेघ ओढा.

याच्या अलीकडची पायरी आणखी अवघड. पळून जाण्याच्या खर्चासाठी खुल्या बाजारात विकलेलं चित्र. लेफमन दांपत्याने १९३८ मध्ये इटली सोडण्याच्या धडपडीत पिकासोचं 'द अ‍ॅक्टर' १२,००० डॉलरला विकलं. ते १९५२ पासून मेट्रोपॉलिटनकडे, सर्वांसमोर. वारसांनी २०१० मध्ये मागणी केली. २०१९ मध्ये अपील कोर्टाने फार उशीर झाला म्हणून दावा काढून टाकला. सक्ती होती की नव्हती यात शिरायची वेळच आली नाही.

जमिनीतून चोरून उकरलेल्या वस्तूंना तर जुना फोटोही नसतो, पोलिसांत नोंदही नसते. तिथे त्या देशाचा 'जमिनीतलं सगळं सरकारचं' हा कायदा आणि त्याची तारीख कामी येते. इजिप्तचा असा कायदा १९८३चा. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने मान्य केलं की त्यानंतर खणून बाहेर नेलेली वस्तू ही अमेरिकेच्या दृष्टीनेही चोरीचाच माल. अशा वस्तूसाठी तुम्ही स्वतः दावा लावायला जाऊ नका. फिर्याद मूळ देशाच्या सरकारकडून किंवा पोलिसांकडून जाऊ द्या. मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांच्या पथकाने २०२१ मध्ये एकाच संग्राहकाकडून १८० वस्तू काढून घेतल्या आणि त्याच्यावर पुन्हा पुरावस्तू खरेदी न करण्याची आजन्म बंदी घातली. दिवाणी दाव्यात एवढ्या वस्तूंची नुसती यादी मान्य व्हायला किती वर्षं गेली असती, कल्पना करा.

आणि वसाहतकाळातली लूट? तिथे कोर्ट जवळपास बंद दार आहे. १८९७ मध्ये ब्रिटिश सैन्याने आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्याचा राजवाडा लुटला तेव्हा ती लूट बेकायदा ठरवणारा कायदाच त्यांच्याकडे नव्हता. तिथे काम होतं ते संसदेत आणि विश्वस्त मंडळात. फ्रान्सने २०२० मध्ये खास कायदा केला तेव्हा कुठे अबोमेच्या राजवाड्यातल्या २६ वस्तू बेनिन देशाला (हा त्या जुन्या बेनिन राज्याहून वेगळा) गेल्या. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने २०२२ मध्ये ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली, पण ब्रिटिश म्युझियमला १९६३च्या कायद्याने असं करता येत नाही. मग ते उसनवारी देतात: २०२४ मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि लंडनचंच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांच्याकडून मिळून घानाच्या कुमासीला असांते राजघराण्याच्या ३२ वस्तू गेल्या त्या तीन वर्षांच्या बोलीवर. आपलीच वस्तू, आणि घेताना पावती 'उसनी घेतली' अशी. माझं मत विचाराल तर असल्या करारावर सही करायला हरकत नाही, पण त्यात 'या सहीने मालकीचा दावा सोडलेला नाही' हे वाक्य असलंच पाहिजे.

मधल्या वर्षांत तुम्ही काय केलंत?

हा प्रश्न तुम्हाला उलटतपासणीत विचारला जाणारच. उत्तर 'काहीच नाही' असेल तर आजपासून ते बदला.

सायप्रसच्या चर्चचं उदाहरण मी सगळ्यांना देते. कानाकारिया चर्चच्या भिंतीवरची सहाव्या शतकातली मोझेक उखडून नेली गेली. चर्चने आणि सरकारने युनेस्कोला कळवलं, युरोप परिषदेला कळवलं, संग्रहालयांना कळवलं, जगभरच्या अभ्यासकांना कळवलं. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या एका विक्रेत्या बाईंनी त्यातले चार तुकडे जिनिव्हात १० लाख ८० हजार डॉलरला घेतले. पैसे शंभराच्या नोटांत, दोन पिशव्यांत. मग त्यांनी ते गेटी संग्रहालयाला दोन कोटी डॉलरला देऊ केले. पण गेटीपर्यंत बातमी आधीच पोहोचलेली होती, तिथून सायप्रसला कळवलं गेलं. कोर्टाने एका बाजूला चर्चच्या पत्रांची चळत पाहिली, दुसऱ्या बाजूला काही दिवसांत उरकलेली घाईची खरेदी. मोझेक परत गेली.

उलट उदाहरण गुगेनहाइम संग्रहालयाचं. शागालचं एक चित्र गायब झालं तर त्यांनी पोलिसांनाही सांगितलं नाही, गाजावाजा झाला तर चित्र आणखी दडवलं जाईल म्हणून. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च कोर्टाने मुदतीच्या मुद्द्यावर त्यांना वाचवलं, पण दिरंगाईमुळे समोरच्याचं नुकसान झालं का, हा प्रश्न उघडाच ठेवला. एवढ्या मोठ्या संस्थेला घाम फुटला, तिथे आपली काय कथा.

तर आता करायचं ते असं. स्थानिक पोलिसांत लेखी नोंद, वस्तूच्या वर्णनासह: काय आहे, कशाची आहे, माप, खुणा, लिखाण, फोटो. त्याच पोलिसांमार्फत इंटरपोलच्या यादीत नोंद. तिथे खासगी माणूस थेट नोंद करू शकत नाही, पण यादी बघणं मोफत आहे, २०२१ पासून त्यांचं मोबाइल अ‍ॅपही आहे. लंडनचं आर्ट लॉस रजिस्टर खासगी आहे, पण बडी लिलावगृहं विक्रीआधी त्यात तपासतात, म्हणून तिथे नोंद हवीच. नाझी काळातलं काही असेल तर जर्मनीचा लॉस्ट आर्ट डेटाबेस. प्रत्येक पत्राची पोच जपून ठेवा. काहीच उत्तर आलं नाही तरी पोच हा पुरावा आहे.

मागणार कोण?

भावनिकदृष्ट्या सोपा, कायद्याने किचकट प्रश्न. एका प्रकरणात दोन वर्षांच्या कामानंतर मला कळलं की आजोबांना पहिल्या लग्नाची एक मुलगी होती, आणि तिची नातवंडं जिवंत होती. माझ्याकडे आलेल्या कुटुंबाला हे ठाऊक होतं. मला सांगायचं 'राहून गेलं' होतं. सगळे वारस आधी गोळा करा, सगळ्यांच्या सह्यांचा एक करार करा: खर्च कोण करणार, तडजोड कोण मान्य करणार, विकायची वेळ आली तर वाटे कसे. चित्र सापडण्याआधी हा करार एका दुपारी होतो. सापडल्यावर भावाभावांत वकील येतात.

मृत्युपत्र असेल तर दुसऱ्याने काढलेला गोषवारा वाचू नका, मूळ शब्द वाचा. क्लिम्टच्या अडेले ब्लॉख-बाउअर चित्रांबाबत ऑस्ट्रिया कित्येक दशकं म्हणत होता की अडेलेने १९२३च्या मृत्युपत्रात ती आम्हाला दिली. मूळ कागदात तिने नवऱ्याला तशी विनंती केलेली होती, आणि चित्रं मुळात नवऱ्याच्या मालकीची होती. जानेवारी २००६ मध्ये लवादाने पाच चित्रं भाची मारिया आल्टमन यांना दिली.

देवळाच्या मूर्तीसाठी मात्र एक सुंदर वाट उघडी आहे. पथूर गावच्या मोडकळीला आलेल्या देवळातला नटराज १९७६ मध्ये जमिनीत सापडला, चोरवाटेने लंडनला गेला, १९८२ मध्ये एका कॅनेडियन कंपनीने तो अडीच लाख पौंडांना घेतला. लंडनच्या कोर्टात प्रश्न आला, फिर्यादी कोण? भारतीय कायद्यात देवस्थान ही कायदेशीर व्यक्ती असते. इंग्लिश अपील कोर्टाने १९९१ मध्ये हे मान्य केलं, आणि दगडी अवशेष उरलेलं ते देऊळ खटला जिंकलं.

आता पत्र

फाइल तयार झाली की पत्र. त्यात संताप नको, 'चोर' हा शब्द नको. समोरच्याने बहुतेक वेळा पैसे मोजून घेतलेलं असतं. पहिलं पत्र चौकशीचं: या वस्तूचा मालकीचा इतिहास कृपया कळवा, मागच्या बाजूचे फोटो पाठवा. यात मागणी नाही, त्यामुळे नकारही नाही. मागणीचं पत्र वकिलाच्या सहीने, तारीख ठरवून, दाव्याचा मसुदा तयार असताना.

याला एक अपवाद. वस्तू लिलावाला आली असेल तर थांबायला वेळ नाही. लिलावगृहाच्या कायदा विभागाला पुराव्याचे सर्वात भक्कम तीन कागद पाठवा आणि मालकीचा वाद आहे म्हणून विक्री थांबवण्याची विनंती करा. वाद लागलेली वस्तू कोणी घेत नाही, त्यामुळे विकणाराच बोलणीला येतो. उतावळेपणाने समाजमाध्यमांवर टाकलंत तर दुसऱ्या दिवशी वस्तू मागे घेतली जाते आणि कुठल्या गोदामात जाते याचा पत्ता लागत नाही.

बोलणी ही हार समजू नका. १९९८ची वॉशिंग्टन तत्त्वं ४४ देशांनी मान्य केली. ती बंधनकारक नाहीत, पण 'न्याय्य आणि रास्त तोडगा' हे त्यातले शब्द सरकारी संग्रहालयांना टाळता येत नाहीत. ब्रिटन, नेदरलँड्स, फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया यांनी अशा दाव्यांसाठी कोर्टाबाहेरच्या समित्या केल्या. खर्चाचा विचार करा: आल्टमन यांनी ऑस्ट्रियातला खटला सोडला, कारण तिथलं कोर्ट-शुल्क चित्रांच्या किमतीच्या प्रमाणात होतं.

तडजोडीत पैशांखेरीज काय मागता येतं याचा नमुना म्हणजे ऑस्ट्रियन चित्रकार एगॉन शीलेचं 'पोर्ट्रेट ऑफ वॅली'. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनातच ते अडकवलं गेलं, २०१० मध्ये १ कोटी ९० लाख डॉलरवर मिटलं. चित्र व्हिएन्नाला परत गेलं, पण त्याच्याशेजारी ते कोणाकडून हिसकावलं गेलं हे सांगणारी पाटी कायम लावण्याच्या अटीवर. पैसे वारसांत वाटले गेले. पाटी अजून भिंतीवर आहे.

वस्तू हातात घेताना

सगळं संपलं असं वाटतं तेव्हा निर्यात परवाना, कस्टम आणि विमा उरलेले असतात. विमा 'खिळ्यापासून खिळ्यापर्यंत' हवा, म्हणजे त्यांच्या भिंतीवरून उतरल्यापासून तुमच्या भिंतीवर चढेपर्यंत. पेटी बंद होताना तुमचा माणूस तिथे हजर असावा आणि अवस्थेचा अहवाल दोन्ही बाजूंनी सही केलेला असावा.

तुर्कस्तानने लिडियाचा खजिना, म्हणजे तिथल्या प्राचीन लिडिया राज्यातल्या मौल्यवान वस्तू, मिळवण्यासाठी मेट्रोपॉलिटनवर १९८७ मध्ये दावा लावला, १९९३ मध्ये ३६३ वस्तू परत आल्या. २००६ मध्ये उघड झालं की त्यातली समुद्री घोड्याची सोन्याची पिन उशाकच्या संग्रहालयातून चोरीला गेली आहे आणि काचेमागे नक्कल ठेवलेली आहे.

त्यामुळे पेटी घरी उघडली की फुलं-पेढे नंतर. मी आधी मोजपट्टी शेजारी ठेवून चित्र पालथं करते, आणि मागच्या बाजूचे फोटो काढते.